हाडांची राख, लिंबाचा रस आणि आचार्य राय

रविवारी रात्री मेस बंद असते. मग सगळी विंग मिसळ नाहीतर चायनीज खायला बाहेर पडते आणि रात्री साडेबाराच्या सुमारास कॉरिडॉरमध्ये एकच आरोळी ऐकू येते. इनो आहे का रे कुणाकडे? अर्ध्या ग्लासात पुडी रिकामी होते, फस्सकन फेस वर येतो, नाक दाबून ते पाणी घशाखाली जाते आणि दहा मिनिटांत माणूस पुन्हा कॅरम खेळायला तयार!

पुडीत काय असते? खाण्याचा सोडा, धुण्याच्या सोड्याचा थोडा अंश आणि सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातले आम्ल. पाण्यात पडल्यावर सोडा आणि सायट्रिक आम्ल यांची आपसात झटापट होते, कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून फेस. उरलेला सोडा पोटात जाऊन तिथल्या हायड्रोक्लोरिक आम्लाला गप्प बसवतो. शाळेत आपण याला उदासिनीकरण म्हणायचो. आम्ल अधिक आम्लारी, बरोबर क्षार अधिक पाणी. दहावीला एक मार्काचा प्रश्न.

फर्स्ट इयरला अप्लाइड केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये हाच प्रश्न ब्युरेट घेऊन पुन्हा समोर आला. खरं सांगतो, माझ्या जर्नलमधल्या पहिल्या तीन प्रॅक्टिकल्सची रीडिंग्ज माझी नव्हती. आधीच्या बॅचच्या मित्राकडून घेतली, दशांश चिन्हानंतरचा एक आकडा इकडेतिकडे केला आणि सही मिळवली. मला वाटायचे, जे माहीतच आहे ते करून कशाला बघायचे? गुलाबी रंग येणार, जाणार, त्यात काय एवढे?

पुढे लायब्ररीत आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे आत्मचरित्र हाती लागले. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाचे सोडून दुसरे काहीही गोड लागते, तसे वाचायला घेतले. सुरुवात टाइमपास म्हणून झाली, पण शेवटी मला माझ्या त्या तीन रीडिंग्जची लाज वाटली. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ चा. गाव राडुली, त्या वेळचा जेसोर जिल्हा. आज हा भाग बांगलादेशात खुलना जिल्ह्यात येतो. वडील हरिश्चंद्र राय जमीनदार होते, पण वाचणारे जमीनदार. घरात ग्रंथसंग्रह होता, गावात शाळा काढली होती. मुलांना चांगले शिक्षण मिळावे म्हणून १८७० मध्ये हे कुटुंब कलकत्त्याला आले. मुलाचे नाव हेअर स्कूलमध्ये घातले.

आणि १८७४ मध्ये आमांशाने गाठले. साधेसुधे नाही, चांगले जबरदस्त. शाळा सुटली, गावी परत जावे लागले. दोनेक वर्षे वर्गाचे तोंड पाहिले नाही. आपल्याकडे वर्ष गेले तर घरात सुतक असल्यासारखे वातावरण होते. या मुलाने काय केले? वडिलांची कपाटे उघडली. इतिहास, चरित्रे, इंग्रजी साहित्य, जे हाती येईल ते वाचून काढले. लॅटिनही शिकायला सुरुवात केली. आजार बरा झाला, पण पचन मात्र कायमचे बिघडले. पुढची जवळजवळ सत्तर वर्षे हा माणूस अपचन आणि निद्रानाश घेऊन जगला. मोजके खाणे, ठरलेल्या वेळी खाणे आणि रोज संध्याकाळी मैदानावर फिरणे, यावर त्यांनी ते शरीर ८२ वर्षे चालवले. म्हणजे आपल्या रविवारच्या रात्रीचा त्रास त्यांना रोजचाच होता.

कलकत्त्याला परतल्यावर अल्बर्ट स्कूल, मग ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये कॉलेज. तिथे विज्ञानाची सोय पुरेशी नव्हती. म्हणून रसायनशास्त्राच्या तासांना प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये जाऊन बसायचे. तिथे अलेक्झांडर पेडलर वर्गात प्रयोग करून दाखवायचे. ते पाहून प्रफुल्लचंद्रांनी एका मित्राच्या खोलीत स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली. साहित्यावर प्रेम असलेला हा मुलगा रसायनाकडे वळला तो असा, प्रयोग डोळ्यांनी बघून.

१८८२ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीची परीक्षा दिली. गाजावाजा न करता दिली, कारण नापास झालो तर लोक हसतील ही भीती होतीच. त्या वर्षी भारतातून दोघे निवडले गेले, एक मुंबईचे पारशी विद्यार्थी आणि दुसरे प्रफुल्लचंद्र. ते एडिंबरोला गेले. तिथे अलेक्झांडर क्रम ब्राऊन यांच्या हाताखाली शिकले आणि १८८७ मध्ये डी.एस्सी. झाले. विषय होता तांबे आणि मॅग्नेशियम गटातल्या धातूंचे संयुक्त सल्फेट क्षार. मधल्या काळात, १८८५ मध्ये, विद्यापीठाच्या निबंध स्पर्धेत १८५७ च्या आधीचा आणि नंतरचा भारत या विषयावर निबंध लिहिला आणि त्यात इंग्रजी राज्यकारभाराची चांगली हजेरी घेतली. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याने, तेही त्यांच्याच देशात बसून! बक्षीस मिळाले नाही, पण निबंध छापला गेला आणि वाचलाही गेला.

१८८८ मध्ये परत आले. हातात एडिंबरोची डी.एस्सी., आणि नोकरी नाही. सरकारी शिक्षण खात्यात वरचा दर्जा मुख्यतः इंग्रजांसाठी होता. भारतीयांना खालचा दर्जा, कमी पगार. जवळजवळ वर्षभर वाट पाहावी लागली. या काळात ते मित्र जगदीशचंद्र बोस यांच्या घरी राहिले. शेवटी १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात हंगामी साहाय्यक प्राध्यापक म्हणून जागा मिळाली. पगार महिना २५० रुपये. तेवढ्याच पदवीच्या इंग्रज माणसाला यापेक्षा कितीतरी जास्त मिळत असे. प्लेसमेंटच्या सीझनमध्ये आपल्याला वाटते की अन्याय हा शोध आपल्याच बॅचने लावला. तसे काही नाही.

त्यांनी तक्रार केली नाही असे नाही, केली. पण तक्रार करत बसले नाहीत. पहिले मोठे काम हाती घेतले ते तूप आणि मोहरीचे तेल यांच्या भेसळीचे. बाजारात शुद्ध म्हणून जे विकले जाते ते खरोखर काय आहे? हे ठरवायचे तर आधी शुद्ध वस्तू हातात हवी. म्हणून समोर दूध काढून घेऊन त्याचे लोणी केले, मोहरी समोर घाण्यातून काढून घेतली. मग बाजारातले नमुने तपासले. यात सुमारे तीन वर्षे गेली. १८९४ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध झाला.

आता या तपासणीतली एक मुख्य पद्धत बघा. ठरावीक वजनाचे तूप घ्यायचे, त्यात मोजून जास्तीचे अल्कली घालायचे आणि उकळायचे. तुपातली मेदाम्ले अल्कलीशी जुळतात, साबण होतो. थोडे अल्कली उरते. ते किती उरले हे आम्ल थेंब थेंब टाकून मोजायचे. गुलाबी रंग गेला की थांबायचे. किती अल्कली खर्ची पडले यावरून कळते की समोरचे तूप तूपच आहे की त्यात भलतीच चरबी आहे. ओळखीचे वाटले ना? अप्लाइड केमिस्ट्रीच्या जर्नलमधले सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू ते हेच. मी ज्याची रीडिंग्ज उचलली ते हेच प्रॅक्टिकल.

मला इथे पहिला धक्का बसला. तूप शुद्ध की भेसळीचे, हे तोंडाने कुणीही सांगेल. पण कोर्टात, म्युनिसिपालिटीत, व्यापाऱ्यापुढे ठामपणे सांगायचे असेल तर ब्युरेटवरच्या आकड्याशिवाय आधार नाही. आणि तो आकडा कुणी उचलून लिहिला असेल तर सगळेच खोटे. भेसळ फक्त तुपात होते असे थोडेच आहे, ती जर्नलमध्येही होते.

शिकवणे चालू असतानाच त्यांच्या डोक्यात दुसरा विचार घोळत होता. पदवीधर मुले नोकरीसाठी वणवण फिरतात, आणि औषधाच्या साध्या बाटलीपासून सल्फ्युरिक आम्लापर्यंत बरेचसे परदेशातून येते. मग रसायन शिकून उपयोग काय? आपणच का बनवू नये? भांडवल काय, तर पगारातून वाचवलेले सुमारे ७०० रुपये. १८९२ मध्ये ९१, अप्पर सर्क्युलर रोड या स्वतःच्या राहत्या जागेतच बंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्सची सुरुवात झाली. दिवसा कॉलेज, संध्याकाळी कारखाना.

सुरुवातीला काय काय करून पाहिले आणि कुठे कुठे फसले ते वाचण्यासारखे आहे. पहिला प्रयत्न सज्जी मातीपासून सोडा काढण्याचा. माती स्वस्त होती, पण विलायतेच्या मोठ्या कंपनीचा सोडा त्याहून शुद्ध आणि स्वस्त बाजारात येत होता. हिशेब जमेना. सोडून दिले. दुसरा प्रयत्न लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल काढण्याचा. पद्धत छान आहे. रसात खडूची पूड किंवा चुना टाकायचा. आम्ल चुन्याशी जुळते आणि कॅल्शियम सायट्रेट होऊन तळाशी बसते. रसातली साखर, चोथा, बाकीचा कचरा वरच्या पाण्याबरोबर निघून जातो. मग त्या साक्यावर सल्फ्युरिक आम्ल घालायचे. कॅल्शियम जिप्सम होऊन बाजूला पडते आणि शुद्ध सायट्रिक आम्ल पाण्यात मोकळे राहते. म्हणजे उदासिनीकरणाने आम्ल आधी पकडायचे, धुऊन घ्यायचे आणि मग सोडून द्यायचे. रसायन बरोबर होते, अर्थशास्त्र चुकले. कलकत्त्यात लिंबे पुरेशी आणि स्वस्त मिळेनात. तेही सोडले.

आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कॉस्ट अ‍ॅनालिसिसचे पान आपण शेवटच्या रात्री भरतो. त्यांनी ते पान स्वतःच्या खिशातून भरले.

तिसरा प्रयत्न हाडांचा. हा किस्सा तर सिनेमात शोभेल. औषधासाठी सोडियम फॉस्फेट लागत असे, तेही बाहेरून येई. हाडांमध्ये कॅल्शियम फॉस्फेट भरपूर आणि खाटकांकडे हाडे ढिगाने. म्हणून पोती भरभरून हाडे आणली आणि घराच्या गच्चीवर वाळत टाकली. आणि नेमका पाऊस लागला! हाडांना चिकटलेले मांस कुजले, अळ्या पडल्या, कावळ्यांनी ते तुकडे उचलून शेजारच्या घरांवर टाकायला सुरुवात केली. वस्ती सोवळ्याओवळ्याची. शेजारी खवळले, म्युनिसिपालिटीकडे तक्रार करण्याची भाषा सुरू झाली. शेवटी सगळी हाडे गावाबाहेर माणिकतल्याला हलवावी लागली. तिथे रात्री भट्टी लावून ती जाळायला घेतली, तर ज्वाळा आणि वास बघून पोलीस हजर. त्यांना संशय आला की कुणीतरी खून करून प्रेत जाळतोय. हाडे गुराढोरांची आहेत हे दाखवल्यावर सुटका झाली.

राख मिळाली. आता खरे रसायन. राखेवर सल्फ्युरिक आम्ल घातले की पाण्यात न विरघळणारे कॅल्शियम फॉस्फेट विरघळणारे होते, ते म्हणजे सुपर फॉस्फेट. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी हे नाव खताच्या पोत्यावर वाचले असेल. आज ते हाडांऐवजी खडकातल्या फॉस्फेटपासून करतात, पण युक्ती तीच. मग त्या आंबट द्रावात धुण्याचा सोडा घालत जायचे. फेस येत राहतो, आम्लपणा मरत जातो, कॅल्शियम तळाशी बसते. गाळायचे, आटवायचे, थंड करायचे. सोडियम फॉस्फेटचे स्वच्छ स्फटिक तयार. गच्चीवर अळ्या पडलेल्या त्या ढिगातून औषधाच्या दुकानात ठेवण्यासारखी वस्तू निघाली. फेस यायचा थांबला की सोडा थांबवायचा. एवढ्या साध्या खुणेवर सगळी बॅच अवलंबून.

माल तयार झाला तरी विकायचा कुणाला? देशी माल म्हटल्यावर औषधवाले नाक मुरडत. इथे त्यांचे मित्र डॉ. अमूल्यचरण बोस धावून आले. ते स्वतः डॉक्टर, म्हणून आपल्या पेशंटना हीच औषधे लिहून देऊ लागले, इतर डॉक्टरांनाही पटवू लागले. अडुळशाचे सरबत, ओव्याचा अर्क अशी आपल्या आजीच्या बटव्यातली औषधे कारखान्यात प्रमाणशीर तयार होऊन बाटलीतून विकली जाऊ लागली. अमूल्यचरणांचे मेहुणे सतीशचंद्र सिन्हा रसायनशास्त्रात एम.ए. होते, तेही येऊन मिळाले. तिघांचे चांगले जमले होते.

पण सतीशचंद्र प्रयोगशाळेत काम करताना प्रुसिक आम्लाच्या विषबाधेने अपघातात गेले. आणि १८९८ मध्ये प्लेगने अमूल्यचरणांना नेले. ज्यांच्या जिवावर डाव मांडला ते दोघेही गेले. माझ्या मते प्रफुल्लचंद्रांच्या आयुष्यातला हा सगळ्यात कसोटीचा काळ. कॉलेजची नोकरी होती, कारखाना बंद केला असता तरी कुणी नावे ठेवली नसती. त्यांनी बंद केला नाही. १९०१ मध्ये त्याची लिमिटेड कंपनी झाली. माणिकतल्याला मोठा कारखाना उभा राहिला आणि तिथे सल्फ्युरिक आम्ल स्वतः तयार होऊ लागले. लिमिटेड झाल्यावर पुढे त्यांनी कंपनीतून स्वतःसाठी पैसा जमवण्याचा मार्ग धरला नाही.

याच धामधुमीत संशोधनही चालू होते. १८९६ मध्ये त्यांनी मर्क्युरस नायट्राइट या संयुगाबद्दल निबंध प्रसिद्ध केला. पारा आणि थंड, सौम्य नायट्रिक आम्ल यांच्या क्रियेत पिवळे स्फटिक दिसले. ते सामान्य समजून ओतून दिले असते तर विषय संपला असता. त्यांनी ते तपासले. नायट्राइट संयुगांवर पुढे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक निबंध लिहिले.

आणि मग तो ग्रंथ, हिंदू रसायनाचा इतिहास. पहिला खंड १९०२ मध्ये, दुसरा १९०९ मध्ये. फ्रान्सचे मोठे रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून या कामाला चालना मिळाली. जुन्या पोथ्या गोळा करणे, पाठ ताडून पाहणे, काळ ठरवणे, यात कित्येक वर्षे गेली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातला सुश्रुतसंहितेचा भाग फार महत्त्वाचा आहे.

सुश्रुताने क्षार करण्याची कृती दिली आहे. इथे एक घोटाळा टाळा. शाळेच्या पुस्तकातला क्षार म्हणजे सॉल्ट, आयुर्वेदातला क्षार म्हणजे अल्कली. ठरावीक झाडांची लाकडे जाळून राख करायची, पाण्यात कालवून कपड्यातून गाळायची. हा झाला सौम्य क्षार, म्हणजे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. मग चुनखडी, शिंपले भाजून केलेला चुना त्यात घालायचा. आता तो तीक्ष्ण क्षार झाला, म्हणजे कॉस्टिक. तो तोंड बंद केलेल्या लोखंडी भांड्यात ठेवायचा. का बंद? उघडा ठेवला तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो पुन्हा सौम्य होतो. सुश्रुताला हा वायू माहीत नव्हता, पण परिणाम माहीत होता. हा क्षार गाठी आणि मूळव्याध जाळायला वापरत. आणि काम झाल्यावर पुढे जळू नये म्हणून त्यावर आंबट द्रव लावायचा. आंबटाने क्षाराचा तीक्ष्णपणा जातो, असा त्याचा खुलासाही ग्रंथात आहे. उदासिनीकरणच की! ही कृती इतकी पद्धतशीर आहे की ती नंतर कुणीतरी घुसडली असावी, अशी शंका युरोपात घेतली गेली. राय यांनी वाग्भटाच्या ग्रंथातही तीच कृती आहे हे दाखवून तिचे जुनेपण सिद्ध केले. मात्र आपले ते सगळे श्रेष्ठ, असा सूर त्यांनी लावला नाही. हाताने काम करणाऱ्यांना जातीने खालचे ठरवले, विद्वानाने भट्टीला हात लावायचे सोडले, म्हणून आपले विज्ञान वाळून गेले, हेही त्यांनी त्याच ग्रंथात स्पष्ट मांडले आहे. ज्या माणसाने स्वतः हाडे जाळली त्यालाच हे लिहायचा अधिकार.

(जाता जाता लॅबमधल्या मंडळींसाठी: हातावर आम्ल सांडले तर सुश्रुताची आठवण काढून त्यावर सोडा किंवा कॉस्टिक ओतू नका. या क्रियेत उष्णता सुटते. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली यांच्या एका मोलला साधारण ५७ किलोज्यूल. आधी नळाखाली भरपूर पाणी. टेबलावर किंवा बॅटरीच्या टर्मिनलवर सांडलेल्या आम्लावर मात्र खाण्याचा सोडा खुशाल टाका.)

आता आपल्या महाराष्ट्राशी असलेला धागा. कायदेमंडळाच्या कामासाठी गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्यात राहत, तेव्हा प्रफुल्लचंद्र त्यांच्या अगदी शेजारी होते आणि त्यांच्याकडे सारखे येत-जात. १९०१-०२ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतून आलेले तरुण गांधीजी गोखल्यांकडे उतरले होते. गोखल्यांनी या प्राध्यापकांची ओळख करून दिली ती अशी, की यांना पगार महिना ८०० रुपये आहे, त्यातले ४० स्वतःसाठी ठेवतात, बाकीचे लोकांच्या कामासाठी देतात आणि लग्न केलेले नाही, करायचेही नाही. गांधीजींनी हे आपल्या आत्मकथेत नोंदवून ठेवले आहे.

१९१६ मध्ये प्रेसिडेन्सी सोडून ते कलकत्ता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात पालित प्राध्यापक झाले. तिथल्याच इमारतीत एका खोलीत राहू लागले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. एक खाट, थोडे सामान, पुस्तके. सोबत गरीब विद्यार्थी. म्हणजे सर झालेला, जगात नाव असलेला हा माणूस म्हातारपणी चक्क हॉस्टेलमध्ये राहत होता! १९२१ मध्ये साठ वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी आपला पगार घ्यायचे बंद केले. ती रक्कम रसायन विभागासाठी वापरावी असे विद्यापीठाला सांगितले. १९३६ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, बिनपगारी शिकवले. १९२२ मध्ये उत्तर बंगालात महापूर आला तेव्हा मदतकार्याचे मुख्य ठाणे हेच सायन्स कॉलेज होते. प्रयोगशाळेच्या आवारात कपडे आणि धान्याचे ढीग लागले होते. १९२४ मध्ये इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली, पहिले अध्यक्ष तेच.

त्यांच्या विद्यार्थ्यांत मेघनाद साहा आहेत, सत्येंद्रनाथ बोस आहेत, नीलरतन धर आहेत, ज्ञानचंद्र घोष आहेत. आम्ल, आम्लारी, क्षार पाण्यात विरघळल्यावर आयन कसे वागतात यावर घोष यांनी काम केले, आणि पुढे आयआयटी खरगपूरचे पहिले संचालक झाले ते हेच. आपल्यासारख्या इंजिनियरिंगवाल्यांपर्यंत हा धागा असा येतो.

१६ जून १९४४ रोजी प्रफुल्लचंद्र गेले, त्याच सायन्स कॉलेजच्या खोलीत. कंपनी मात्र राहिली. १९३८ मध्ये मुंबईत प्रभादेवीला तिचा कारखाना सुरू झाला होता. दादरकडच्या मुलांना बंगाल केमिकल हे बसस्टॉपचे नाव म्हणून माहीत असते, त्यामागे ही हाडांची गोष्ट आहे हे फार थोड्यांना माहीत असते. निदान मला तरी नव्हते. १९८० मध्ये कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले. २०११ मध्ये, त्यांच्या दीडशेव्या जयंतीच्या वर्षी, ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने त्यांच्या स्मरणार्थ रासायनिक वारशाचा फलक दिला, युरोपबाहेर दिलेला पहिलाच. ज्यांनी २५० रुपयांवर बोळवण केली त्यांच्याच देशातून तो आला.

आता पुन्हा आपल्या विंगमध्ये येऊ. चिंचेने पितळेचा तांब्या लख्ख होतो, कारण आम्लाने धातूवरचा ऑक्साइडचा थर विरघळतो. बोअरच्या पाण्याने बादलीला धरलेला पांढरा थर व्हिनेगरने निघतो. दही घातलेल्या ढोकळ्याच्या पिठात सोडा टाकला की तो फुगतो. कोकणातल्या आम्लधर्मी जमिनीला चुना देतात. कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडण्याआधी टाकीत चुना किंवा आम्ल घालून त्याचा पीएच सातच्या आसपास आणावा लागतो. या शेवटच्या टाकीपाशी आपल्यातले बरेच जण उद्या नोकरीला उभे असतील. समोर लॉगबुक असेल, रात्रीची शिफ्ट असेल, बघायला कुणी नसेल. कालचाच आकडा आज लिहून टाकायचा मोह होईल. टाकीच्या पुढे पाइप आहे, पाइपच्या पुढे नदी आहे आणि नदीकाठी कुणाचे तरी गाव आहे.

म्हणून म्हणतो, लाज वाटली ती त्या तीन रीडिंग्जची. ज्या माणसाने तूप तपासायचे म्हणून समोर दूध काढून घेतले, त्याच्यापुढे माझे जर्नल धरायची माझी हिंमत होणार नाही. मार्क तर मिळून गेले, ते कुणी परत मागणार नाही. पण पुढच्या सेमिस्टरला ज्युनियर मुलगा रीडिंग्ज मागायला खोलीत आला तेव्हा मी जर्नल दिले नाही, त्याच्याबरोबर लॅबमध्ये गेलो. सरांची परवानगी घेऊन आम्ही दोघांनी ते सॅपोनिफिकेशनचे प्रॅक्टिकल पहिल्यापासून केले. दोनदा रंग पुढे गेला, तिसऱ्यांदा जमला. आकडा पुस्तकातल्यापेक्षा थोडा वेगळा आला. आम्ही तोच लिहिला.